पुस्तकावरची बंदी आणि दप्तराचं कुलूप

"पुस्तकावर बंदी आली काय नि उठली काय, आदिवासीला त्याचं काय? त्याला जमीन पाहिजे." असं आम्हाला गेल्या सहा महिन्यांत पुष्कळ जणांनी ऐकवलं. ऐकवणाऱ्यांत बाजारातले शेटजी होते, शाळेतले गुरुजी होते, आणि आपल्या संघटनेचेही काही जण होते. शेटजी-गुरुजींना उत्तर द्यायला आम्ही बुलेटिनची पानं खर्च केली नसती, कागदाची रीम महाग झाली आहे. पण आपलेच साथी असं बोलायला लागले. दुसरे काही साथी तर त्याच्याही पुढे गेले. "आपल्याला शिव्या देणारं जे पुस्तक आहे त्यावर सरकारने बंदी घालावी" असा ठराव पुढच्या मेळाव्यात आणतो म्हणाले. तेव्हा लिहिणं भाग आहे. आमचं म्हणणं असं की हे दोन्ही साथी चुकतात, आणि एकाच ठिकाणी चुकतात.

आधी बातमी सांगतो, कारण वीटभट्टीवर आणि कोळशावर गेलेल्यांना पेपर मिळत नाही.

५ ऑक्टोबर १९८८ ला दिल्लीच्या सरकारने 'सॅटानिक व्हर्सेस' नावाची इंग्रजी कादंबरी देशात आणायला बंदी केली. लिहिणारा सलमान रश्दी, जन्म मुंबईचा, तेव्हा राहत होता विलायतेत. बंदी कोणी केली? शिक्षण खात्याने नाही, कोर्टानेही नाही. अर्थखात्याने केली, कस्टमच्या कायद्याखाली. श्रीवर्धन-मुरूडपासून उरणपर्यंत आपल्या किनाऱ्यावर कस्टमवाले काय पकडतात ते आपल्याला ठाऊक आहे. घड्याळं, सोन्याची बिस्किटं, परदेशी कापड. तेव्हा त्या यादीत एक गोष्टीचं पुस्तक आलं. मग २४ फेब्रुवारी १९८९ ला त्या पुस्तकाच्या विरोधात मुंबईत मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. बारा माणसं मेली. पुस्तक तर चार महिन्यांपूर्वीच बंद झालेलं होतं. बंदी घातली की शांतता राहते असं सरकार सांगतं, त्या बारा घरांत जाऊन सांगावं.

मुसलमान भावांचं मन दुखावलं त्याची आम्ही थट्टा करणार नाही. दुखावणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको, पुढे त्याबद्दल लिहिलंच आहे. पण त्या बंदीने त्यांच्या पदरात काय पडलं? त्यांच्या मोहल्ल्यातली शाळा सुधारली का, रोजगार वाढला का? सरकारने एक कागद काढला, दाढी कुरवाळल्यासारखं केलं, आणि चार महिन्यांनी गोळ्या घातल्या.

आता त्याच्या आधीची गोष्ट, ही आपल्या राज्याची. बाबासाहेब आंबेडकर १९५६ ला गेले. त्यांनी लिहून ठेवलेले कागद कितीतरी वर्षं पेट्यांमध्ये, सरकारी ताब्यात पडून होते. महाराष्ट्र सरकारचं शिक्षण खातं त्यांचं सगळं लिखाण छापायला लागलं ते १९७९ पासून. त्यातला चौथा खंड 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये आला. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मरणानंतर एकतीस वर्षांनी. आणि आला तो लगेच ओरड सुरू झाली, राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट काढा. प्रती जाळल्या. जानेवारी १९८८ मध्ये सरकार वाकलं आणि परिशिष्ट मागे घ्यायचं ठरवलं. मग फेब्रुवारीत दलितांचा मोर्चा मुंबईत आला. आपल्या जिल्ह्यातूनही माणसं गेली होती. एवढा मोठा मोर्चा की सरकार उलट्या बाजूला वाकलं. परिशिष्ट राहिलं, पण या मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप जोडून. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाचं पुस्तक, त्याला सरकारची टीप! आम्ही हसलो. नंतर वाटलं, यात हसण्यासारखं काही नाही. घटना लिहिणाऱ्याची ही कथा, तर आपल्या चार पानी बुलेटिनचं काय.

इथे ते दुसरे साथी आम्हाला अडवतात. म्हणतात, "बाबासाहेबांनीच महाडला पुस्तक जाळलं. मग आम्ही जाळलं, बंदी मागितली, तर कुठे बिघडलं?"

सवाल चांगला आहे. आणि महाड आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून त्याचं उत्तर आपणच द्यायला पाहिजे.

मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्याले म्हणून लोकांना घराघरातून, रस्त्यारस्त्यात मारलं होतं. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा मंडपाला कुणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसाने आपली जागा दिली. बाबासाहेब आणि त्यांची माणसं गाडीरस्ता टाळून 'पद्मावती' बोटीने खाडीतून दासगावला उतरली आणि तिथून महाडला गेली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली. जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते, हेही आपल्या पोरांनी लक्षात ठेवावं.

आता बघा. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी वाचलेली होती. एकदा नाही, शंभरदा. जाळल्यानंतरही त्यांनी ती वाचायची सोडली नाही, आयुष्यभर तिच्यातले उतारे काढून काढून तिला उत्तर दिलं. मुंबई सरकारकडे "हे पुस्तक जप्त करा" असा अर्ज केला नाही. दुसऱ्या दिवशी ज्याला पाहिजे त्याला मनुस्मृती दुकानात मिळत होती, आजही मिळते. जाळणाऱ्यांच्या हातात सत्ता नव्हती, तळ्याचं पाणीसुद्धा नव्हतं. आणि जाळलं ते कुठलं पुस्तक? शूद्राला शिकवू नका, ज्ञान देऊ नका असं सांगणारं. सगळ्या पुस्तकांवर एकदम बंदी घालणारं जे पुस्तक, त्याची होळी केली.

पुढे १९३४ ला र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. संततिनियमन, बायाबापड्यांचं शरीर यावर ते उघड लिहायचे. भले भले लोक त्यांचं नाव घ्यायला लाजत होते. त्या वेळी कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेबच. खटला हरले, दंड झाला. महाडची होळी करणारा आणि कर्व्यांची वकिली करणारा माणूस एकच आहे. ज्याला यात विसंगती दिसते त्याने पुन्हा एकदा नीट बघावं. चौकात उभं राहून "मला हे मान्य नाही" म्हणणं वेगळं. सरकारच्या हातात कुलूप देऊन "दुसऱ्याला वाचू देऊ नका" म्हणणं वेगळं.

आता आपल्याला शिव्या देणारं पुस्तक. ते कुठलं ते सगळ्या वाड्यांना माहीत नसेल.

इंग्रज सरकारने १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. तेव्हा पनवेल, कर्जत ठाण्यातच धरत होते. त्यात प्रत्येक जातीजमातीबद्दल लिहिलं आहे. कातकऱ्यांवर पुष्कळ लिहिलं आहे. आमच्यातल्या एकाने कॉलेजच्या मित्राकडून ती पानं उतरवून आणली, डिक्शनरी घेऊन दोन रात्री बसलो आणि मराठी केली. चोरटे, दारूबाज, सगळ्यांत खालचे, काय वाट्टेल ते खाणारे. वाचून दाखवत होतो तेव्हा एक म्हातारी उठून गेली. पोरं चिडली. ठराव आणायचं बोलणं तिथूनच सुरू झालं.

चिडायलाच पाहिजे. आम्हीही चिडलो. त्याहून चीड येते ती याची, की शंभर वर्षं झाली, साहेब गेला, पण ते लिखाण गेलं नाही. तेच शब्द उतरवून घेत घेत पुढच्या पुस्तकांत आले, तिथून फौजदाराच्या तोंडात आले. बागायतीत नारळ चोरीला गेला की पहिली जीप कातकरवाडीवर येते.

पण बंदी मागण्याआधी त्या पुस्तकाला विचारा. कातकरी चोर कसा झाला? आमचं नावच सांगतं, खैराच्या लाकडाचा कात काढणारे ते कातकरी. १८७८ मध्ये जंगलाचा कायदा झाला, राखीव जंगलं पडली, तोडीवर बंदी आली. आज जे काम धंदा होतं ते उद्या गुन्हा झालं. कायदा १८७८ चा आणि पुस्तक १८८२ चं. मधे चार वर्षं. एका हाताने चोर ठरवलं, दुसऱ्या हाताने "हे चोर आहेत" असं लिहून ठेवलं. ही दोन्ही सालं शेजारी शेजारी ठेवून वाचली की शिवी कुणाला लागते ते बघा.

दुसरी गोष्ट याहून कामाची. ज्या पुस्तकाने आम्हाला शिव्या दिल्या त्याच पुस्तकाने लिहून ठेवलं आहे की १८८२ साली कातकरी या मुलखात होते आणि जंगलावर जगत होते. आज रेंजर सांगतो, तुम्ही परवा येऊन अतिक्रमण केलं. साथींनो, सरकारच्याच छापखान्यात छापलेलं, सरकारच्याच साहेबाने लिहिलेलं पान आपल्या बाजूने साक्ष देतं, आणि आपण त्यावर बंदी मागायची? उद्या खरंच बंदी आली तर पहिला आनंद कुणाला होईल? फॉरेस्टला.

म्हणून ते पान जप्त होता कामा नये. ते वाडीवाडीत मोठ्याने वाचलं पाहिजे, शिव्यांसकट. म्हातारी उठून गेली तिला आम्ही पुन्हा बसवणार आहोत आणि पुढचंही ऐकवणार आहोत. गुरुजींनीही ते वर्गात वाचावं. आणि १९३० चा धडा शिकवतील तेव्हा चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबरला जे गोळीबारात पडले त्यांत नाग्या कातकरी होता हेही सांगावं. आम्ही बारावीपर्यंत शिकलो, आमच्या एकाही पुस्तकात ते नाव भेटलं नाही. त्या नावावर बंदीचा हुकूम कुणी काढला नव्हता. काढावा लागलाच नाही.

हुकूम काढायचे कायदे मात्र भरपूर होते, थोडक्यात सांगतो. नाटकांवरचा कायदा १८७६ चा. त्या काळच्या सरकारने खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९१० मध्ये बंद केलं, कारण लोकांना कीचकात कर्झनसाहेब दिसायला लागला. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नव्हतं. लोकांना काय दिसतं यावर बंदी! धर्माच्या भावना दुखावल्या तर शिक्षा करणारं कलम २९५-अ, ते १९२७ चं, महाडच्याच सालचं. स्वातंत्र्य आलं त्या सुमाराला मुंबईच्या खेर सरकारने तमाशावर बंदी घातली, पुढे वग आधी तपासून घेण्याच्या अटीवर उठवली. पुढारी जे स्वतः लपून बघत होते ते गरिबाने उघड बघितलं तर संस्कृती बुडते! १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर सेन्सॉर बोर्ड बसलं, सारंगांना हायकोर्टापर्यंत भांडावं लागलं. आणीबाणीत तर साने गुरुजींच्या 'साधना'चा छापखानाच जप्त केला आणि बोलल्याबद्दल दुर्गाबाई भागवतांना तुरुंगात टाकलं. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं. राज्य सरकारला नुसतं वाटलं की पुस्तकात अमुक कलमाखालचा मजकूर आहे, की गॅझेटात चार ओळी छापायच्या आणि देशभर पोलीस ते पुस्तक उचलू शकत होते. ज्याला मान्य नसेल त्याने दोन महिन्यांत हायकोर्टात जायचं. तेंडुलकर-सारंग जाऊ शकतात. पेण तालुक्यातला कातकरी मुंबईच्या हायकोर्टात दोन महिन्यांत जाणार कसा, त्याला तालुक्याच्या कोर्टात जायला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते.

आम्ही हे पुस्तकी बोलतो असं कुणाला वाटेल. म्हणून आपल्यावर गुदरलेलं सांगतो. गेल्या पावसाळ्याआधी आपल्या पोरांनी वेठबिगारीवर एक नाटुकलं बसवलं. ढोलकी, चार गाणी, एक शेटजी, एक कातकरी, एक गार्ड. बाजाराच्या दिवशी करायचं होतं. एका पोलीस ठाण्यात परवानगी मागायला गेलो. साहेब म्हणाले, "लिखित संहिता आणा, तपासून घ्या." आम्ही म्हणालो, संहिता नाही, पोरांना लिहिता येत नाही, आणि गाणं तर म्हणता म्हणता वाढतं. समोर बसलेल्यांपैकी कुणी ओरडून बोललं तर तेही गाण्यात येतं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही आयत्या वेळी काय बोलाल त्याचा भरवसा नाही." भरवसा नाहीच! त्यालाच तर गाणं म्हणतात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या तरी अभंग लोकांच्या तोंडात होते म्हणून राहिले, हे साहेबही शाळेत शिकले असतील. शेवटी नाटुकलं झालं ते वाडीत, दिव्याच्या उजेडात, बघायला आपलेच लोक. शेटजीने आणि गार्डाने ते बघायला पाहिजे होतं. ते त्यांनाच दिसलं नाही, बंदीचा एवढा उपयोग झाला.

दुसरं. आपल्या पेटीत गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारली लोकांनी १९४५ मध्ये वेठ आणि लग्नगडी मोडून काढली त्याची ती हकीगत. पुस्तक १९७० चं, दोन वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं. म्हणजे दिल्लीच्या सरकारी संस्थेने नावाजलेलं. ते एका वाडीतल्या पोराच्या पिशवीत सापडलं म्हणून त्याला चौकीत अर्धा दिवस बसवून ठेवलं आणि "नक्षलवादी झालास काय" असं विचारलं. पुस्तकावर बंदी नाही, वाचणाऱ्यावर आहे.

आता मुळाशी येतो.

आपल्यापासून सगळ्यांत घट्ट झाकून ठेवलेलं पुस्तक ना रश्दीचं आहे, ना बाबासाहेबांचं. ते तलाठ्याच्या दप्तरात आहे, मामलेदार कचेरीतल्या कपाटात आहे, रेंज ऑफिसच्या नकाशांच्या गुंडाळीत आहे. त्यात आमच्या बापजाद्यांची नावं आहेत. दळीची जमीन इंग्रजांच्या काळापासून आम्ही कसतो. नाचणी, वरी, तीळ काढतो. दळी नाईकाच्या नावाने दिलेली, त्याच्या मागे वाडीतली सगळी घरं. याची नोंद जंगल खात्याच्या दप्तरात आहे. आम्ही बघायला मागितली तर एक जण म्हणतो वाळवी लागली, दुसरा म्हणतो अलिबागला पाठवली, तिसरा म्हणतो तुम्हाला वाचता येतं का? जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात स्पष्ट आहे की नकाशे आणि नोंदी लोकांना बघायला मिळाल्या पाहिजेत, फी भरून नक्कल मिळाली पाहिजे. वाळवी कागदाला लागते, पण फार समजूतदार वाळवी आहे. शेटजीच्या फेरफाराला ती कधी लागत नाही.

२७ डिसेंबर १९७८ ला महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला की ३१ मार्च १९७८ पर्यंत जंगल जमिनीवर ज्यांची वहिवाट आहे त्यांची अतिक्रमणं नियमित करावीत. पुढे दहा वर्षं गेली. आपल्या वाड्यांत त्याची दवंडी कुणी ऐकली? आम्ही सव्वीस वाड्यांत विचारत फिरलो. एकाही म्हाताऱ्याने ऐकलेली नाही. आम्ही स्वतः तो निर्णय पाहिला तो गेल्या साली, टाइप केलेल्या कार्बन कॉपीची झेरॉक्स, अक्षरं पुसलेली. आपल्याच बाजूचा निर्णय, आणि तो आपल्यालाच चोरून वाचावा लागला, जसे ४२ साली लोक भूमिगतांची पत्रकं वाचत. त्या दहा वर्षांत किती जणांची उभी नाचणी फॉरेस्टने गुरं घालून चारली, किती जणांना कायमचं भट्टीवर जावं लागलं. त्या निर्णयाची पानं वाडीत वेळेवर वाचली असती तर यातल्या पुष्कळांच्या हातात आज सातबारा असता.

आणि पुरावा काय मागायचे? दंडाची पावती. १९७८ च्या आधी तुम्ही तिथे कसत होता हे दाखवायचं तर जंगल गुन्ह्याची पावती दाखवा. गार्डाने दंड घेतला, कोंबडी घेतली, वर डबाभर तांदूळ घेतला, पावती दिली नाही. आम्हाला वाटायचं पैसे खाण्यासाठी देत नाही. ते आहेच. पण पावती म्हणजे त्या दप्तराचं एक पान आपल्या घरात आलं असतं. ते येऊ द्यायचं नव्हतं.

मोठ्या पातळीवरही हेच. सरदार सरोवरात आपल्या राज्यातली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली ३३ गावं बुडणार होती, सगळी आदिवासी. लोक विचारत होते, पाणी कुठपर्यंत येणार, जमीन कुठे देणार, कागद दाखवा. गुजरात सरकारने १९८८ मध्ये केवडियाच्या धरणाच्या जागेला शासकीय गुपितांचा कायदा लावला! १९२३ चा कायदा, हेरांसाठी केलेला. आपली जमीन किती बुडणार असं विचारणारा हेर झाला. आपल्याकडे खत कारखाना आला, बंदर आलं, न्हावाशेव्याच्या वेळी १९८४ मध्ये जासईला गोळ्या चालल्या, पाच माणसं गेली. त्या प्रत्येक वेळी नकाशा आधी शेटजीच्या घरी पोचला आणि मग गावात.

म्हणून त्या पहिल्या साथींना सांगतो. जमीन आणि पुस्तक असे दोन वेगळे सवाल नाहीत. जो हात पुस्तकाला कुलूप लावतो तोच दप्तराला लावतो, आणि भीतीही एकच, की हे लोक वाचतील. आज आपण "रश्दीचं आम्हाला काय" म्हणून गप्प बसलो, किंवा "आमच्याही शिव्यांवर बंदी घाला" म्हणून अर्ज केला, तर "लोकांनी काय वाचायचं ते सरकार ठरवणार" याला आपला अंगठा लागला. अंगठे आपण पुष्कळ लावले आहेत. सावकाराच्या वहीत लावले. आणखी एक कशाला?

शहरातल्या पेपरवाल्यांनाही दोन शब्द. ऑगस्ट १९८८ मध्ये बदनामीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं तेव्हा तुम्ही संपादक मंडळी रस्त्यावर आलात, महिन्याभरात सरकारला ते गुंडाळावं लागलं. चांगलं केलंत. आम्हीही तुमच्या बाजूने होतो, कुणी विचारलं नाही म्हणून कळलं नाही. रश्दीच्या पुस्तकावर तुमचे अग्रलेख आले. आमचं दप्तर चाळीस वर्षं बंद आहे, त्यावर एक लिहा. त्यात कादंबरी नाही, नुसती नावं आहेत, पण वाचायला घेतलीत तर तुमच्या कादंबऱ्यांपेक्षा जास्त माणसं त्यात मेलेली सापडतील.

एक गंमत सांगायची राहिली. या बुलेटिनबद्दल एका साहेबाने दम दिला की छापणाऱ्याचं नाव नसलेला कागद वाटणं गुन्हा आहे. आम्ही म्हणालो, आम्ही छापत नाही, स्टेन्सिल कापतो आणि हँडल मारतो. मग वकिलांकडे जाऊन कायदा बघितला. १८६७ चा छापखान्यांचा कायदा. त्यात छपाईची व्याख्या होती आणि तिच्यात सायक्लोस्टाइल नाव घेऊन घातलं होतं. म्हणजे हे आपलं मशीन, जे तिसऱ्या रीमनंतर शाई ओकतं आणि आमची बोटं आठवडाभर काळी ठेवतं, त्याचीही सरकारने आठवण ठेवली होती. तेव्हा या अंकापासून शेवटच्या पानावर छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता घालत आहोत. येऊन बघावं, चहा मिळेल.

आता ठरलेलं काम. बंदीच्या ठरावाऐवजी आम्ही मेळाव्यात दुसरा ठराव मांडतो आहोत. प्रत्येक तलाठी सजात आणि रेंज ऑफिसात दळीची वही, जंगलाचे नकाशे आणि १९७८ चा निर्णय मराठीत, भिंतीवर, वाचता येईल अशा अक्षरात लावावा. तोपर्यंत रोज दहा जणांनी जाऊन नक्कल मागायची, फी भरायची, आणि फी भरल्याची पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. २० मार्चला चवदार तळ्यावर आपली माणसं जाणार आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी आदल्या रात्री मुक्कामाला कार्यालयात यावं, भाकरी बरोबर घ्यावी. तिथून परत आल्यावर गॅझेटियरची पानं आणि १९७८ चा निर्णय असं दोन्ही एकेका वाडीत रात्री वाचायचं, आधी मराठीत, मग आपल्या बोलीत. भट्टीवर गेलेल्यांसाठी आम्ही भट्टीवर येऊ, मालक रात्री घरी जातो तेव्हा. वाचणारे पाच जण तयार आहेत, आणखी पाहिजेत. पोरींनी नावं द्यावीत, त्यांचं वाचणं पोरांपेक्षा स्पष्ट आहे. कंदिलाला रॉकेल ज्या त्या वाडीने आपलं आणायचं.